विद्यापीठाची ‘सिस्टिम’ अडते कुठे? भाड्याचं सॉफ्टवेअर आणि ‘अ‍ॅजाइल’ म्हणजे काय, समजून घेऊया

समजा, खानापूरची एक मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. पुढे तिला कोल्हापूरला एम.कॉम. करायचंय. तिकडच्या प्रवेशाची शेवटची तारीख आठ दिवसांवर आलीय आणि इकडे निकालात एका विषयापुढे नुसती रेघ. कॉलेजात विचारलं तर ‘युनिव्हर्सिटीला विचारा’. युनिव्हर्सिटीत गेलं तर ‘सिस्टिममध्ये अपडेट व्हायचंय’. आणि सिस्टिमवाले बेंगळुरात.

मुलगी काल्पनिक आहे, पण सीमाभागात ही गोष्ट कुणालाच नवी वाटणार नाही. राज्याच्या आतच पुढं शिकणाऱ्याला निकाल उशिरा लागला तरी एकवेळ चालतं, कारण सगळ्यांचाच उशिरा लागलेला असतो. प्रवेशाची तारीखही पुढे जाते. पण बेळगाव-निपाणीहून कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याला जाणाऱ्यासाठी दुसऱ्या राज्याचं विद्यापीठ थांबत नाही. म्हणून ही ‘सिस्टिम’ चालते कशी, हे आपल्याला इतरांपेक्षा जरा जास्तच माहीत असायला हवं.

पूर्वी विद्यापीठाच्या आवारातच एक कॉम्प्युटर विभाग असायचा. तिथंच सर्व्हर, तिथंच प्रोग्राम लिहिणारी दोन-चार माणसं. आता बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर बाहेर कुठंतरी, दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालतं आणि विद्यापीठ, कॉलेज, विद्यार्थी ते इंटरनेटवरून वापरतात. कर्नाटकात २०२१ पासून सरकारी विद्यापीठांसाठी ‘यूयूसीएमएस’ ही एकच प्रणाली आली. प्रवेश, परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल सगळं त्यातच. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची ‘समर्थ’ प्रणाली दिल्ली विद्यापीठात तयार झाली आणि देशभरातली अनेक विद्यापीठं ती वापरतात. मुंबई विद्यापीठाने २०२४ मध्ये पदवी प्रवेशाची नोंदणी त्यावरच घेतली. याशिवाय खासगी कंपन्या आहेतच.

हे भाड्याच्या घरासारखं आहे. छप्पर गळलं तर मालक बघणार, वीज-पाण्याची काळजी त्याची. विद्यापीठाला सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही, रात्री बॅकअप घ्यायला माणूस बसवावा लागत नाही. छोट्या विद्यापीठाला तर हे परवडतंच. पण भिंत पाडायची झाली की मालकाला विचारावं लागतं. आणि त्याच मालकाची आणखी वीस घरं असली तर आपला नंबर कधी लागणार, हे तोच ठरवतो.

करारात सेवा ‘९९.५ टक्के वेळ चालू राहील’ असं लिहिलेलं असतं. वाचायला बरं वाटतं. हिशेब करा : तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास, त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. तेवढा वेळ सिस्टिम बंद पडली तरी करार मोडत नाही. हे साडेतीन तास रविवारी पहाटे गेले तर कुणाला कळणारही नाही. पण परीक्षा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी गेले, तर तालुक्याच्या प्रत्येक नेट सेंटरबाहेर रांग लागते. टक्का तोच. म्हणून टक्क्यापेक्षा कुठल्या दिवशी बंद ठेवायचं नाही, ती यादी करारात असणं महत्त्वाचं.

आता ‘अ‍ॅजाइल’. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथं सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. तोवरची मोठ्या कामाची रीत अशी : सगळ्या गरजा आधी कागदावर लिहा, सह्या घ्या, मग वर्ष-दोन वर्षं बांधत बसा आणि शेवटी एकदम उघडा. उघडल्यावर कळायचं की हवं होतं ते हे नव्हेच. या मंडळींचं म्हणणं, काम लहान तुकड्यांत करा, चालणारा तुकडा वापरणाऱ्याला लवकर दाखवा, तो काय म्हणतो त्यावरून पुढचा तुकडा ठरवा. ‘स्क्रम’ ही यातली सगळ्यात रुळलेली पद्धत. तिच्यात एकेका तुकड्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात. बहुधा दोन आठवड्यांची, फार तर महिन्याची. राहिलेल्या कामांच्या यादीला नाव ‘बॅकलॉग’. आपल्या पोरांना हा शब्द नापास विषयांसाठी माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर दोन्हीतला भाव फारसा वेगळा नाही.

विद्यापीठाला ही रीत का लागते? कारण गरजा एकदाच लिहून संपत नाहीत. आपलंच उदाहरण घ्या. कर्नाटकाने २०२१ मध्ये नवं शैक्षणिक धोरण लागू करून चार वर्षांची पदवी आणली. २०२४ मध्ये सरकारने ती मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची केली. त्याच जूनमध्ये महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत नवं धोरण सुरू झालं, गोव्यात ते वर्षभर आधीच आलं होतं. म्हणजे बेळगावच्या एकाच कॉलेजात एका वर्गाला एक नियम, खालच्या वर्गाला दुसरा, आणि जुन्या पॅटर्नचे रिपीटर तिसरेच. २०२१ मध्ये गरजांची यादी कितीही काळजीपूर्वक लिहिली असती तरी हे त्यात आलं नसतं.

दुसरं उदाहरण लहान आहे, पण सीमाभागाचंच. महाराष्ट्रातल्या अर्जात आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असे वेगळे रकाने असतात. इकडच्या मार्क्सकार्डावर नाव बहुधा सलग, कधी मागेपुढे इनिशियल. बेंगळुरात बसून स्क्रीन बनवणाऱ्याच्या हे ध्यानात येईलच असं नाही. पण दर पंधरा दिवसांनी निपाणीच्या कॉलेजातल्या क्लार्कला ती स्क्रीन दाखवली, तर पहिल्याच बैठकीत तो म्हणेल, ‘साहेब, ह्यात आमच्या पोरांची नावं बसत नाहीत.’ वर्षभराने मायग्रेशन सर्टिफिकेटवर चूक सापडण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

एकदम उघडण्याची किंमत काय असते, ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पाहिलं. त्या उन्हाळ्यात सगळ्याच शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायचं ठरलं. उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या आसपास, परीक्षा ४७७. कंपनीला काम मिळेपर्यंत एप्रिल संपत आला होता आणि परीक्षा तर आधीच सुरू झाल्या होत्या. प्राध्यापकांना लॉगिन, प्रशिक्षण, स्कॅनिंग सगळं एकाच वेळी. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. कुलपती असलेल्या राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

स्क्रीनवर पेपर तपासणं ही कल्पना चुकीची नव्हती. आपल्या बेळगावात मुख्यालय असलेलं व्हीटीयू डिजिटल मूल्यांकन करतं. चूक होती ती सगळं एका उन्हाळ्यात करण्याची. आधी एका शाखेचा एकच विषय घेतला असता, स्कॅनिंगला किती वेळ लागतो ते मोजलं असतं, चार प्राध्यापकांना बसवून ते कुठं अडखळतात ते पाहिलं असतं, तर अडचणी काही हजार उत्तरपत्रिकांवर उघड्या पडल्या असत्या. लाखो मुलं त्यात अडकली नसती.

तरी ‘अ‍ॅजाइल’ हा शब्द ऐकून लगेच खूश व्हायचं कारण नाही. ‘आम्ही अ‍ॅजाइल आहोत’ म्हणत कधीही, काहीही बदलणारे पुरवठादार असतात. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हा धोका जास्त, कारण बदल त्यांच्या बाजूने होतो आणि सकाळी कॉलेजच्या क्लार्कसमोर वेगळीच स्क्रीन येते. विद्यापीठाचं कॅलेंडर सॉफ्टवेअर कंपनीच्या पंधरवड्यांवर चालत नाही. फॉर्म भरणं, हॉल तिकीट, निकाल या दिवसांत कुठलाही बदल चढवायचा नाही, हा नियम आधी ठरवावा लागतो. छोटे तुकडे करायचे ते मधल्या काळात.

आणि सगळ्यात दुर्लक्षित बाब म्हणजे विद्यापीठाकडून बैठकीला बसतं कोण. स्क्रममध्ये ‘प्रॉडक्ट ओनर’ नावाची एक भूमिका असते. आधी काय, नंतर काय, हे त्या एका व्यक्तीने ठरवायचं. आपल्याकडे या खुर्चीवर कागदोपत्री समिती असते. समितीची सभा दोन महिन्यांनी, तिचा अहवाल आणखी महिन्याने. तोवर सहा स्प्रिंट होऊन जातात आणि कंपनी स्वतःच्या अंदाजाने काम पुढे रेटते. परीक्षा विभागातला नियम जाणणारा एक जण, ज्याच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला वजन आहे, दर पंधरा दिवसांनी दोन तास त्या कामासाठी मोकळा असेल, तर निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत असं मला वाटतं. हे पैशाचं काम नाही, अधिकार सोडण्याचं आहे. म्हणूनच ते होत नाही.

निविदांची रीतही आड येते. निविदेत गरजांची लांबलचक यादी आधीच गोठवलेली असते आणि यादीबाहेरचा प्रत्येक बदल म्हणजे वेगळं बिल. त्याऐवजी ठरावीक मनुष्यबळ ठरावीक महिन्यांसाठी घेऊन, प्रत्येक टप्प्याला चालून दाखवलेल्या कामाचे पैसे देता येतात. ऑडिटला ते पटवायचं तर प्रत्येक टप्प्याची नोंद नीट ठेवावी लागते, एवढंच.

राहता राहिलं घर सोडण्याचं. भाडेकरार कधीतरी संपतोच. पंधरा वर्षांनी त्याच खानापूरच्या मुलीला परदेशातल्या नोकरीसाठी ट्रान्सक्रिप्ट लागेल, तेव्हा ही कंपनी असेल की नाही, तिच्या सर्व्हरवरचे गुण विद्यापीठाला वाचता येतील अशा स्वरूपात मिळालेले असतील की नाही, हे आज करारातल्या एका कलमावर ठरतं. इकडे सिंडिकेट, महाराष्ट्रात व्यवस्थापन परिषद अशा करारांना मंजुरी देते. ते कलम त्यात आहे का, हे माहिती अधिकारात अर्ज करून कुणालाही विचारता येतं.