फूड ट्रकचा विमा : केवळ गाडीचा नव्हे, व्यवसायाचा

प्रतिनिधी

पुण्यातील हिंजवडी असो वा मुंबईतील अंधेरी, कार्यालये सुटण्याच्या सुमारास रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या फूड ट्रकभोवती खवय्यांची गर्दी दिसते. हॉटेल थाटण्याएवढे भांडवल नसलेले अनेक जण कर्ज काढून या व्यवसायात उतरतात. मात्र ‘विमा काढला आहे का’ असे विचारले, तर ‘गाडीचा आहे ना’ एवढेच उत्तर सहसा मिळते. हे उत्तर अपुरे आहे. फूड ट्रक धावत असतो तेव्हा ते वाहन असते, उभा राहिला की स्वयंपाकघर आणि खिडकी उघडली की दुकान. या तिन्ही रूपांतील धोके निरनिराळे असून, ते सारे मोटार विम्यात सामावत नाहीत.

आधी गाडीची नोंद तपासा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. तो नसताना वाहन रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी दोन हजार, तर पुन्हा तोच गुन्हा घडल्यास चार हजार रुपये दंड होऊ शकतो. कैदेचीही तरतूद आहे. मात्र हा विमा आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीपुरताच असतो. स्वतःच्या गाडीची भरपाई हवी असेल, तर सर्वसमावेशक पॉलिसी घ्यावी लागते.

टेम्पो विकत घेऊन त्यात ओटा, चिमणी आणि खिडकी बसविली की वाहनाचे स्वरूपच बदलते. कलम ५२ नुसार अशा बदलाला आरटीओची मान्यता आणि नोंदणी पुस्तकात त्याची नोंद आवश्यक असते. मोटार विम्याच्या वर्गवारीत फिरती दुकाने व उपाहारगृहे ‘विविध व विशेष प्रकारच्या वाहनां’त मोडतात. कागदोपत्री मालवाहू आणि प्रत्यक्षात स्वयंपाकघर अशी स्थिती असेल, तर अपघातानंतर दावा वादात सापडण्याची शक्यता मोठी असते.

दुसरा मुद्दा घोषित मूल्याचा. समजा, गाडी सहा लाखांची आणि आतील बांधणी पाच लाखांची आहे. पॉलिसीत केवळ सहा लाखच नोंदविले आणि तिसऱ्या वर्षी गाडी जळून खाक झाली, तर प्रचलित ३० टक्के घसारा वजा जाता ४ लाख २० हजार रुपयेच हिशेबात धरले जातील. बांधणीही नोंदविलेली असती, तर हीच रक्कम ७ लाख ७० हजार झाली असती. कर्जाचे हप्ते मात्र दोन्ही वेळी तेवढेच राहतात.

आग, गॅस आणि साहित्य

फ्रीझर, फ्रायर, जनरेटर यांसारखे सुटे साहित्य व कच्चा माल गाडीचा भाग मानला जात नाही. छोट्या व्यावसायिकांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. एका ठिकाणच्या पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती घेता येते. मात्र ती पॉलिसीत नोंदविलेल्या ठिकाणाशी बांधलेली असल्याने तयारीचे स्वयंपाकघर किंवा गोदाम यांना तिचा उपयोग अधिक. गाडीतील सामानाचे काय, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. चोरीचे संरक्षणही स्वतंत्रपणे विचारावे.

हप्ता वाचविण्यासाठी मालमत्तेची किंमत कमी दाखविणेही महागात पडते. चार लाखांचे साहित्य दोन लाखांचे दाखविले आणि एक लाखाचे नुकसान झाले, तर ‘सरासरी’च्या अटीनुसार पन्नास हजारच हाती येतात. ‘सूक्ष्म उद्यम’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ असते, त्यापुढे नाही.

गॅसच्या बाबतीतही दक्षता हवी. घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरण्यास मनाई आहे. तसा सिलिंडर गाडीत आढळला, तर दावा फेटाळण्यास कंपनीला आयते निमित्त मिळते.

ग्राहकाला बाधा झाली तर

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ६५ नुसार, अन्नामुळे ग्राहकाचा मृत्यू ओढवल्यास विक्रेत्याला किमान पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. गंभीर इजा झाल्यास ही रक्कम तीन लाखांपर्यंत, तर अन्य इजेसाठी एक लाखापर्यंत असते. दहा ग्राहकांना एकाच वेळी विषबाधा झाली, तर छोटा व्यवसाय त्यातून सावरणे कठीण.

यासाठी दायित्व विमा असतो. उकळते तेल अंगावर उडाले किंवा छत्री कोसळली, तर सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी कामी येते. अन्नातून बाधा झाल्यास उत्पादन दायित्वाची, किंवा पहिल्या पॉलिसीत खाद्यपदार्थांचा समावेश करून घेतलेला असावा लागतो. एका घटनेसाठी किती आणि वर्षभरात किती, या दोन्ही मर्यादा पाहाव्यात. सरकारी दंड मात्र विमा कंपनी भरत नाही.

मदतनीस आणि मालक

काम करताना मदतनिसाला इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाची असते. १९२३ च्या कायद्याने घातलेले हे दायित्व आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहे. त्यासाठी कर्मचारी भरपाई विमा घ्यावा. मालक स्वतः गाडी चालवीत असेल, तर त्याला १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा बंधनकारक आहे.

निवड कशी करावी?

सारेच विमे एकदम परवडत नसतील, तर ‘कोणत्या नुकसानीने व्यवसाय कायमचा बंद पडेल’ हा प्रश्न आधी विचारावा. आग, विषबाधा आणि मदतनिसाचा अपघात यांचा क्रम मिक्सर बिघडण्याच्या आधी लागतो. किरकोळ नुकसान स्वतः सोसण्याची तयारी असेल, तर हप्ता कमी होतो. खरेदीच्या पावत्या, अन्न परवाना आणि साहित्याची छायाचित्रे गाडीबाहेर सुरक्षित ठेवावीत; गाडीसोबत तीही जळाली, तर नुकसान सिद्ध करणे अवघड होते.

दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योग विमा लोकपालांकडे दाद मागू शकतात. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. अर्थात, पॉलिसीतील अपवादांचे पान सही करण्यापूर्वीच वाचले, तर ही पायपीट बहुधा टळेल.