पाय कुठे वळतात: ‘डूम’चा तीन दशकांचा मागोवा

‘डूम’ खेळलेल्या माणसाला तो खेळ बहुधा आवाजांतून आठवतो. शॉटगनचा बार, पाठोपाठ तिचा खटका मागेपुढे ओढल्याचा खडखडाट, बंद दाराआडून येणारं गुरगुरणं. मला मात्र या खेळाची खरी ओळख पायांतून पटते. त्याचे सगळे अवतार खेळल्यावर आणि खेळणाऱ्यांशी रात्र-रात्र वाद घातल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. हेल्थ पार तळाला गेलीय, काडतुसं संपत आलीत, समोर चार राक्षस आहेत. अशा वेळी पाय कुठे वळतात? १९९३ पासून २०२५ पर्यंत प्रत्येक ‘डूम’नं या प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं आणि खेळाडूंचं प्रेम, राग, भांडणं सगळं त्या उत्तरावरूनच झालं.

पहिलं उत्तर होतं: बाजूला. टेक्सासमधल्या मेस्किट गावच्या ‘इड सॉफ्टवेअर’ या छोट्या कंपनीनं १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘डूम’ चढवला. वाट बघणाऱ्यांची तिथे एवढी झुंबड होती की कंपनीलाच आत शिरायला जागा मिळेना. तीन भागांपैकी पहिला भाग फुकट होता आणि त्याच्या प्रती काढून वाटा, असं कंपनीच सांगत होती. आपल्याकडे तो पोचला तो याच वाटेनं. कुणाच्या तरी ऑफिसातून, कॉम्प्युटर क्लासमधून, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर. पुढे मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या सीड्यांमधून बाकीचे भागही आले. ज्या ४८६ मशीनवर दिवसा लोटस आणि डीबेस शिकवलं जायचं, त्याच मशीनवर संध्याकाळी मंगळाच्या चंद्रावरचा तळ आणि तिथे उघडलेलं नरकाचं दार दिसायचं.

त्या ‘डूम’मध्ये वर-खाली बघता येत नव्हतं. उडी नव्हती. गोष्टही जवळजवळ नव्हती. कंपनीतल्या टॉम हॉलनं लिहिलेला कथेचा मोठा आराखडा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅकला नकोच होता आणि खेळ पूर्ण व्हायच्या आधीच हॉल कंपनीतून बाहेर पडला. मग उरलं काय? वेग. आपला नायक जिवंत माणसाला झेपणार नाही इतक्या जोरात पळायचा आणि राक्षसांनी फेकलेले आगीचे गोळे मात्र डोळ्यांना दिसतील इतक्या संथपणे यायचे. या दोन वेगांमधल्या फरकात सगळा खेळ आहे. पहिल्याच लेव्हलमधली ती हिरव्या विषारी चिखलाची खोली आठवून बघा. मधून नागमोडी गेलेली अरुंद वाट आणि पलीकडच्या उंचवट्यावर ‘इम्प’ हा आगीचे गोळे फेकणारा राक्षस. त्याचा हात मागे जातो, गोळा सुटतो, आपण आल्ट दाबून बाणाच्या कीनं एक पाऊल डावीकडे सरकतो आणि गोळा कानाजवळून निघून जातो. एकदा हे जमलं की माणूस खेळाचा होतो. पुढची प्रत्येक खोली म्हणजे हेच, फक्त एका गोळ्याऐवजी दहा आणि दहा दिशांनी. त्यातही खरी गंमत म्हणजे आपण सरकल्यावर तो गोळा मागच्या राक्षसाला लागला तर ते दोघं आपसात भिडायचे. कोपऱ्यात उभं राहून राक्षसांची ती यादवी बघण्याचा आनंद ज्यानं घेतलाय, त्याला त्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

१९९४ च्या ‘डूम २’नं दुनळी सुपर शॉटगन दिली. शॉटगन या हत्याराला इतका न्याय दुसऱ्या कुठल्याही खेळानं दिला असेल असं मला वाटत नाही. पण त्याचबरोबर आर्चव्हाइलही आला. मेलेल्या राक्षसांना उठवणारा आणि ज्याच्या आगीपासून नुसतं सरकून वाचता येत नाही असा. त्याच्या नजरेआड व्हायचं, भिंत किंवा खांब गाठायचा, एवढंच हातात. जुने खेळाडू आजही त्याचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात. मला तो आवडतो, कारण तो पायांना नवा प्रश्न घालतो.

१९९७ मध्ये कारमॅकनं खेळाचा सोर्स कोड खुला केला. लोक तर त्याच्या आधीपासूनच स्वतःच्या लेव्हल बनवत होते आणि आजही त्यात खंड नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मग २००४ चा ‘डूम ३’. त्याबद्दल बोलताना माझ्या पिढीचे खेळाडू अजून दोन गटांत बसतात. दृश्य म्हणून तो त्या काळी थक्क करणारा होता. प्रत्येक दिवा हलला की सावली हलायची, पाइपांवर ओल चमकायची. आपल्याकडच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांनी त्याच्यापुढे हात टेकले. आणि तो अंधार! टॉर्च हातात घेतली तर बंदूक खाली ठेवावी लागायची, बंदूक घेतली तर दिसायचं नाही. बघायचं की मारायचं, हा पेच मुद्दाम घातलेला होता. काहींना तो इतका डाचला की थोड्याच दिवसांत बंदुकीला चिकटपट्टीनं टॉर्च बांधणारा मॉड आला आणि घराघरांत पोचला. २०१२ च्या नव्या आवृत्तीत तर कंपनीनंच चिलखतावर टॉर्च लावून दिली. भीतीचा खेळ म्हणून ‘डूम ३’ उत्तम आहे, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. पण त्यात संकट आलं की पाय मागे जातात. पाठ भिंतीला लावायची आणि वाट बघायची. भिंतसुद्धा भरवशाची नाही, कारण तीच उघडून मागून कुणीतरी यायचं. ज्यांना १९९३ चा वारा प्यायलेला नायक हवा होता, त्यांना हा दबकत चालणारा सैनिक परका वाटला आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

पुढची बारा वर्षं जवळजवळ कोरडी गेली. चौथ्या ‘डूम’ची घोषणा २००८ मध्ये झाली, त्यावर बरंच कामही झालं. पण तो त्या काळच्या लष्करी नेमबाजी खेळांसारखा होत चालला होता. आडोसा घ्या, डोकं वर काढा, दोन गोळ्या झाडा, पुन्हा खाली बसा. कंपनीनं तो मोडीत काढला आणि नव्यानं सुरुवात केली. केलेलं काम फेकून द्यायला फार मोठी हिंमत लागते आणि ती त्यांनी दाखवली. कारमॅक तोवर, २०१३ मध्ये, कंपनी सोडून गेला होता. त्यामुळे १३ मे २०१६ ला नवा ‘डूम’ आला तेव्हा फारशी आशा कुणाला नव्हती. त्याआधी आलेली मल्टिप्लेअरची चाचणी लोकांना पसंत पडली नव्हती आणि समीक्षकांना प्रती आगाऊ दिलेल्या नव्हत्या. खेळजगतात याचा अर्थ सहसा एकच लावला जातो.

आणि मग लोकांनी खेळ सुरू केला. नायक दगडी पेटीत साखळदंडांनी बांधलेला. तो साखळ्या तोडतो, चिलखत चढवतो. पडद्यावरून कुणीतरी त्याला परिस्थिती समजावू लागतं, तर तो पडदाच बाजूला ढकलतो. थोड्या वेळानं लिफ्टमध्ये तोच आवाज मानवजातीच्या भल्याची भाषा सुरू करतो. नायकाची नजर खाली पडलेल्या प्रेताकडे जाते, मूठ वळते आणि तो यंत्र फोडून टाकतो. एक शब्द न बोलता हा माणूस कोण आहे ते कळतं. संगीत चढतं, शॉटगनचा खटका तालावर पडतो, नाव झळकतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आजही येतो.

पण २०१६ च्या ‘डूम’चं मोठेपण त्या सुरुवातीत नाही, ते एका साध्या नियमात आहे. मार खाल्लेला राक्षस झोकांड्या देत निळा चमकू लागतो, आपण जवळ गेलो की केशरी होतो. त्या क्षणी हातानं त्याचा निकाल लावला की त्याच्यातून हेल्थ सांडते. काडतुसं हवीत? मग चेनसॉ घेऊन आणखी जवळ जा. म्हणजे जगायला जे लागतं ते शत्रूच्या अंगावर आहे. हेल्थ संपत आली की जुन्या सवयीनं पाय मागे खेचले जातात आणि मागे गेलेला खेळाडू हमखास मरतो. कबड्डीत दम तुटत आलेला असताना मध्यरेषेकडे पळण्याऐवजी आणखी आत घुसणाऱ्या चढाईवीरासारखं वागायला हा खेळ शिकवतो. दोन-तीन तासांत अंगवळणी पडतं आणि मग थांबवत नाही. ‘मी याआधी असा कधी खेळलोच नव्हतो,’ हे वाक्य त्या वर्षी मी किती जणांकडून ऐकलं! पंचवीस वर्षांच्या पोरांकडून आणि चाळिशी उलटलेल्या जुन्या गड्यांकडूनही.

त्या धडकेला बळ देणारं संगीत मिक गॉर्डनचं. कंपनीनं त्याला सुरुवातीला गिटार नको म्हणून सांगितलं होतं. त्यानं सिंथेसायझरचे सूर एकातून एक गाळत, तोडत-मोडत एक घरघरणारा आवाज तयार केला आणि हळूहळू नऊ तारांची गिटारही आत आणली. संगीत लढाईबरोबर चढतं-उतरतं. खोली रिकामी झाली की तेही श्वास सोडतं. या खेळाच्या आठवणी सांगताना लोक लेव्हलची नावं विसरतात, ‘बीएफजी डिव्हिजन’ ही धून मात्र विसरत नाहीत.

‘डूम इटर्नल’ आला २० मार्च २०२० ला. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी. घरात कोंडलेल्या आपल्याकडच्या खेळाडूंना त्या दिवसांत हा खेळ मिळाला आणि भांडायला विषयही मिळाला. कारण ‘इटर्नल’चं उत्तर होतं: सगळीकडे. पुढे, वर, हवेत, बाजूला झेप, सुपर शॉटगनच्या आकड्यानं राक्षसाच्या अंगावर. काडतुसं मुद्दाम थोडी दिली होती. हेल्थसाठी हातानं मारा, चिलखतासाठी आधी पेटवा, काडतुसांसाठी करवत चालवा. कॅकोडीमनच्या तोंडात बॉम्ब, अरॅक्नोट्रॉनच्या पाठीवरची तोफ आधी उडवा. ज्यांनी २०१६ चा खेळ एकट्या सुपर शॉटगनवर निभावून नेला होता, ते इथे पहिल्या तासातच कोरडे पडले. ‘मला हवं तसं खेळू देत नाही,’ ही त्यांची तक्रार. मधेमधे पडदा थांबवून सूचना देणाऱ्या पाट्यांनी ती आणखी वाढवली आणि उड्या मारायच्या जागा, पाय धरून ठेवणारा तो जांभळा चिखल, यांच्या बाजूनं बोलणारं कुणीच भेटलं नाही. मीही बोलणार नाही.

वादाचं केंद्र मात्र मरॉडर. ढाल-कुऱ्हाड घेतलेला हा शत्रू दूर राहिलात तर कुऱ्हाडीचा वार फेकतो, जवळ गेलात तर शॉटगन झाडतो, ढालीवर गोळी मारलीत तर भुताटकीचा लांडगा सोडतो. नेमक्या मधल्या अंतरावर उभं राहायचं. तो धावून येतो, डोळे हिरवे चमकतात आणि त्या निमिषात गोळी घालायची. सगळा खेळ धावायला सांगतो आणि हा एकटा अंतर राखून थांबायला लावतो. अनेकांनी इथे खेळ सोडून दिला. माझ्या ओळखीतला एक जण आजही त्याचं नाव काढू देत नाही. पण जे टिकले त्यांच्यासाठी पुढे काहीतरी जुळून आलं. बोटं आपोआप हत्यारं बदलू लागली आणि डोळा आता राक्षसाऐवजी मोकळ्या जागेवर राहू लागला. त्या अवस्थेत ‘इटर्नल’ जे देतो ते आजवरच्या कुठल्याही ‘डूम’नं दिलेलं नाही. २०१६ चा खेळ मला अधिक प्रिय आहे, ‘इटर्नल’ अधिक मोठा आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मान्य करायला मला वेळ लागला.

१५ मे २०२५ चा ‘द डार्क एजेस’ पुन्हा वळला. दिग्दर्शक ह्यूगो मार्टिननं आधीच सांगितलं होतं की ‘इटर्नल’ लढाऊ विमान असेल तर हा रणगाडा आहे. हातात करवतीच्या दात्यांची ढाल. हिरवे गोळे आले की ढाल अचूक वेळी पुढे करून ते परत पाठवायचे, बाकीच्यांतून वाट काढायची. शत्रूंचे गोळे मोठे, संथ, ओळीनं येणारे. ते बघताना १९९३ च्या त्या नागमोडी वाटेवरचा खेळाडू जागा होतो, फक्त आता पाय जड आहेत आणि तो सरकण्याऐवजी सामोरा उभा राहतो. जमिनीवरची लढाई मला मनापासून आवडली. ड्रॅगनवर बसून उडायचे आणि राक्षसी यंत्रमानव चालवायचे भाग दिसायला भव्य, खेळायला पोकळ आहेत आणि याबाबत खेळाडूंमध्ये क्वचितच दिसणारं एकमत आहे. गॉर्डनच्या संगीताची उणीवही पदोपदी जाणवते.

एक गोष्ट मात्र त्यांनी फार चांगली केली. खेळाचा वेग, परतवण्याच्या क्षणाची मुभा, शत्रूंचा मारा हे सगळं ज्याचं त्यानं ठरवायचं. हात थरथरणारा, नजर मंदावलेला जुना खेळाडूही आता शेवटपर्यंत जाऊ शकतो आणि ज्याला अंगाची लाही करून घ्यायची आहे त्यालाही वाव आहे.

नव्यानं येणाऱ्याला मी २०१६ पासून सुरुवात करायला सांगतो. मधल्या काठिण्यावर, चांगले हेडफोन लावून. तो आवडला तर १९९३ चा घ्या. त्याची २०२४ ची नवी आवृत्ती आजच्या मशीनवर सहज चालते. ‘इटर्नल’ त्यानंतर. आणि त्याच्या पहिल्या तीन लेव्हल होईपर्यंत कुणाशी त्याबद्दल बोलू नका, मतही बनवू नका. तोवर बोटं शिकतच असतात.