पेनीच्या रोलमधली दुहेरी अक्षरं

तर मंडळी, पंचवीस डॉलर दिले की इथे अमेरिकेत बँकेतून पेनीची अख्खी पेटी मिळायची. पन्नास रोल, म्हणजे २५०० नाणी. आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी हाच उद्योग केला. रूममेटला वाटलं, हा गेला कामातून!

शोधायचं काय, तर 'डबल्ड डाय'. नाणं ज्या साच्याने ठोकतात तो डाय. त्यावर चित्र उमटवायला हब नावाचा ठसा दाबतात, आणि पूर्वी तो एकापेक्षा जास्त वेळा दाबावा लागायचा. दोन दाबांच्या मध्ये डाय किंचित फिरला की अक्षरं दुहेरी. म्हणजे बग थेट सोर्स कोडमध्ये, त्या डायचं प्रत्येक नाणं तसंच. फिलाडेल्फियाची १९५५ची पेनी सगळ्यात गाजलेली, तिच्यावरचं साल भिंगाशिवायही दुहेरी दिसतं. पण रोलमध्ये आधी १९९५ची बघा, 'लिबर्टी' हा शब्द तपासा.

तिसऱ्या पेटीत मला एक सापडलं. रात्री दोनला भारतात दादाला फोन केला, मनातल्या मनात नवा लॅपटॉपही घेऊन टाकला. निघालं काय, मशीन डबलिंग! ठोका बसताना डाय सैल असला की अक्षराची कड घसरून चपटी, पायरीसारखी होते. किंमत एक सेंट. खऱ्या डबल्ड डायमध्ये दोन्ही अक्षरं उठावदार असतात, टोकांना खाच दिसते. दहा पटीचं भिंग पुरतं.

आणि सापडलंच, तर घासून चकचकीत करू नका रे. घासलं की भाव पडलाच. माझी चौथी पेटी पलंगाखाली आहे, अर्धी बघून झालीय.