ट्रॅकवर आधी टायर तापू द्या

ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटर लांबीचे असून त्यावर १६ वळणे आहेत. २०२३ मध्ये मोटोजीपी शर्यत झालेल्या अशा ट्रॅकवर 'ट्रॅक डे'च्या निमित्ताने हौशी दुचाकीस्वारांनाही उतरता येते. समोरून वाहन येत नसल्याने पहिल्याच फेरीत वेग वाढविण्याचा मोह होतो. धोका तेथेच असतो. थंड टायरची पकड कमी असते. गाडी वळणावर झुकलेली असताना पुढचा ब्रेक जोरात दाबल्यास ती क्षणात घसरते. कारण ब्रेक आणि वळण या दोहोंसाठी लागणारी पकड टायरला एकाच वेळी पुरवता येत नाही. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्या सावकाश माराव्यात आणि ब्रेकचा मुख्य जोर वळणाआधीच द्यावा. विश्रांतीनंतर पुन्हा उतरतानाही हाच नियम पाळावा. तोवर टायर पुन्हा थंड झालेले असतात.