भंडारा जिल्ह्यातील घरगुती अन्नसाठवण आणि गोठण-शुष्कन तंत्र : एक विवेचन

प्रस्तावना :
भंडारा जिल्हा तलावांचा व धानाचा प्रदेश म्हणून सर्वपरिचित आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तर पावसाळ्यात हवेतील आर्द्रता अतिशय वाढते. या दोन टोकांमधूनच येथील वाळवणाची परंपरा निर्माण झाली. पापड, कुरडया, सरोळ्या, मुगाच्या व कोहळ्याच्या वड्या, वाळविलेल्या पालेभाज्या, मोहफुले आणि तलावातील लहान मासळी ही उन्हाळ्यात सिद्ध होणारी व पावसाळ्यात उपयोगी पडणारी शिधासामग्री होय. मात्र वरण, भात, भाजी असे शिजविलेले जेवण या पद्धतीने टिकविता येत नाही. ही उणीव भरून काढणारे तंत्र म्हणजे गोठण-शुष्कन अर्थात फ्रीज ड्रायिंग होय. या तंत्राचे शास्त्रीय स्वरूप व येथील कुटुंबे आणि बचत गटांच्या दृष्टीने त्याची उपयुक्तता स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तंत्राचे शास्त्रीय स्वरूप :
पाण्याचा त्रिक बिंदू ०.०१ अंश सेल्सिअस व सुमारे ६११ पास्कल दाबावर असतो. दाब याहून कमी ठेवल्यास बर्फ न वितळता थेट वाफेत रूपांतरित होतो. या क्रियेस संप्लवन म्हणतात. प्रथम अन्न उणे ३० ते उणे ४० अंशांपर्यंत गोठविले जाते. नंतर निर्वात कक्षात अल्प उष्णता देऊन बर्फ काढून टाकला जातो व शेवटी पदार्थाला चिकटून राहिलेले पाणी किंचित अधिक तापमानावर निघून जाते. बर्फाच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. म्हणून पदार्थाचा आकार टिकतो आणि गरम पाणी घालताच तो पूर्ववत होतो. उन्हात वाळविताना मात्र पाणी द्रवरूपात पृष्ठभागाकडे सरकते, पेशी आकसतात आणि पदार्थ कठीण बनतो.

या तत्त्वाचा उपयोग नवा नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील लोक रात्रीच्या थंडीत बटाटे गोठवून व दिवसा उन्हात वाळवून ‘चुन्यो’ तयार करीत आले आहेत. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव टिकविण्यासाठी हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. भारतात म्हैसूर येथे १९६१ साली स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांच्या शिध्यासाठी अन्न टिकविण्याच्या अशा तंत्रांवर कार्य केले आहे.

ऊर्जेचा हिशेब :
सत्तर टक्के पाणी असलेल्या एक किलो जेवणात ३०० ग्रॅम घनपदार्थ असतात. तीन टक्के ओलावा शिल्लक ठेवल्यास सुमारे ६९० ग्रॅम पाणी काढावे लागते. संप्लवनासाठी प्रतिकिलो सुमारे २.८ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजेच या जेवणासाठी अर्ध्या युनिटहून किंचित अधिक वीज. परंतु हा केवळ सैद्धांतिक किमान आकडा आहे. गोठवणूक, निर्वात पंप आणि वाफ पुन्हा बर्फरूपात धरणारे शीतयंत्र यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो व एक घाणा निघण्यास साधारणतः २४ ते ४० तास लागतात. मध्येच वीजपुरवठा खंडित झाल्यास उरलेला बर्फ वितळतो, पदार्थाची रचना ढासळते व जंतूंची वाढ होऊ शकते. याउलट कुरडया वाळविणारे ऊन विनामूल्य असते.

सुरक्षिततेचा प्रश्न :
गोठण-शुष्कनाने जंतू मरत नाहीत, ते केवळ निष्क्रिय होतात. अन्नातील जंतूंना उपलब्ध असणाऱ्या पाण्याचे माप म्हणजे जलक्रियता. ती ०.६० पेक्षा कमी असल्यास कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. मात्र जाड तुकड्याच्या गाभ्यात ओलावा राहिला व ते अन्न प्राणवायूरहित पाकिटात बंद केले, तर बोटुलिझमसारख्या प्राणघातक विषबाधेचा धोका संभवतो. फ्रीजरमध्ये गोठविलेले अन्न उन्हात वाळविणे म्हणजे गोठण-शुष्कन नव्हे, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. कारण त्यात बर्फ प्रथम वितळतोच.

स्निग्ध पदार्थांचे संप्लवन होत नाही. त्यामुळे तर्रीदार रस्सा या तंत्रास अयोग्य ठरतो. तेल मागे राहते व पुढे खवट होते. भात, कमी फोडणीचे वरण, भाज्या व बिनचरबीची मासळी त्यास अनुकूल आहेत. तयार पदार्थ सच्छिद्र असल्याने पावसाळी हवेत अल्पावधीत ओलावा शोषून घेतो. म्हणून पाकीटबंदी तत्काळ व हवाबंद असणे अनिवार्य आहे.

जिल्ह्याच्या संदर्भात उपयुक्तता :
एका कुटुंबासाठी हे यंत्र किफायतशीर ठरणे कठीण आहे. बचत गटांनी सामूहिक पातळीवर विचार केल्यास चित्र वेगळे असू शकते. केंद्र शासनाने २०२० साली सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, कर्जसंलग्न अनुदानाची तरतूद करण्यात आली. तथापि अनुदान यंत्राची किंमत कमी करते, विजेचे देयक नव्हे. कर्ज घेण्यापूर्वी प्रतिकिलो वीजखर्च, पाकिटाचा खर्च व निश्चित ग्राहक यांचा हिशेब न मांडल्यास परतफेडीचा भार गटातील महिलांवरच पडेल. विक्री करावयाची झाल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी अथवा परवाना आवश्यक आहे.

निष्कर्ष :
गोठण-शुष्कन हे वाळवणाला पर्याय नसून त्यास पूरक तंत्र आहे. जे पदार्थ ऊन उत्तम प्रकारे टिकविते, त्यांसाठी वीज खर्च करणे अनाठायी होय. शिजविलेल्या भातासारख्या पदार्थांसाठी मात्र त्यास वाव आहे. यंत्रखरेदीपूर्वी जाळीबंद सौर वाळवणी आणि हवाबंद साठवण यांचा अवलंब केल्यास कमी खर्चात माश्या, धूळ व बुरशी यांपासून होणारी नासाडी टाळता येईल. जलक्रियतेचे तत्त्व दोन्ही पद्धतींना सारखेच लागू असल्याने जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या गृहविज्ञान व रसायनशास्त्र विभागांनी ते बचत गटांपर्यंत पोहोचविणे, ही या दिशेने पहिली पायरी ठरेल.