संशोधनाचा निस्तार

निस्तार हा शब्द भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तळे कोणाच्याही नावावर असो, तिथे गुरे पाजायची, धुणे धुवायचे, हा गावाचा हक्क. कोहळी मंडळींनी बांधलेली आपल्याकडची तळी पुढे मालगुजारांच्या नावावर होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि त्याच तळ्यांना माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी 'मामा तलाव', असे नाव पडले. मालक बदलला तरी गावाचा वापर निस्तारपत्रकात नोंदला गेला.

आज बोलायचे आहे ते मात्र विद्यापीठाच्या ग्रंथालयाबद्दल. आता कोणी म्हणेल, धान रोवणाऱ्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे, आणि ते बरेच जुने आहे.

असे पहा. एखादा विद्यार्थी पीएच.डी.साठी आपल्या जिल्ह्यात येतो. बांधीतली माती पिशवीत भरून नेतो, खोडकिडा किती लागला ते मोजतो, बायाबापड्यांना शंभर प्रश्न विचारतो. गाव त्याला चहा पाजते, खरे उत्तर देते. दोन-तीन वर्षांनी त्याचा प्रबंध तयार होतो, त्याला पदवी मिळते, प्रबंधाची बांधीव प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते. माती कोणाची? बांधीची. पैसा कोणाचा? पुष्कळदा सरकारचा, म्हणजे तुमचा-माझाच. आणि निष्कर्ष? तो कपाटात. ज्या बांधीतून माती नेली त्या बांधीचा धनी तो कधी पाहत नाही.

दुसरे उदाहरण पवनीचे घ्या. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला आणि विद्यापीठाने तो १९७२ साली इंग्रजीत छापून काढला. काम मोठ्या तोलाचे. पण असे अहवाल छापले जातात थोडे, आणि जातात कुठे, तर दुसऱ्या विद्यापीठांच्या कपाटांत. पवनीच्या एखाद्या शाळेतल्या गुरुजींना वर्गात सांगायचे आहे की पोरांनो, आपल्या गावात दोन हजार वर्षांपूर्वी हे होते, असे दगड होते, त्यांवर अशी अक्षरे होती. त्यांनी तो अहवाल कुठे पाहावा? नागपूरला जावे, ओळख काढावी, परवानगी मागावी, बसून टिपणे घ्यावीत. एका धड्यासाठी एवढा खटाटोप कोण करील? मग गुरुजी ऐकीव तेच सांगतात.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. जगभर संशोधनाचा व्यवहार मोठा चमत्कारिक चालतो. संशोधक लेख लिहितो, त्याचे मानधन बहुधा त्याला मिळत नाही. दुसरे जाणकार तो तपासतात, तेही बहुधा फुकट. मग प्रकाशक तो नियतकालिकात छापतो आणि ते नियतकालिक त्याच संशोधकाच्या विद्यापीठाला भारी वर्गणी घेऊन विकतो. आपल्या घरचे धान गिरणीवर द्यावे आणि आपलाच तांदूळ बाजारभावाने विकत घ्यावा, तसा हा प्रकार. याला कंटाळून काही विद्वान बुडापेस्ट शहरात जमले आणि २००२ साली त्यांनी जाहीरनामा काढला की संशोधनाचे लेख इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता, उतरवून घेता आणि वापरता आले पाहिजेत. याला नाव पडले 'ओपन ॲक्सेस'. मराठीत मुक्त प्रवेश म्हणू.

गंमत अशी की हा शब्द ग्रंथालयवाल्यांना नवा नव्हता. पूर्वी ग्रंथालयात चिठ्ठी द्यायची आणि शिपायाने पुस्तक आणून द्यायचे, अशी रीत होती. वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक हाती घ्यावे, या सोयीलाही 'ओपन ॲक्सेस' असेच म्हणत. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच असा की पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसते, वापरण्यासाठी असते. म्हणजे कपाटाचे कुलूप काढण्याचे काम ग्रंथपाल आधीपासून करीत आले आहेत. आता कपाट बदलले, एवढेच.

मग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने करायचे काय?

पहिले काम प्रबंधांचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत प्रबंधाची संगणकीय प्रत देणे सक्तीचे केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने त्यासाठी 'शोधगंगा' नावाचे भांडार उघडले. देशभरातले लाखो प्रबंध आज तिथे आहेत, आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालये ज्याला जोडलेली आहेत त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचेही आहेत. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या वेगळ्या भांडारात मिळतात. साकोलीला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, तेव्हा धानाविषयी काही शोधायचे तर आधी कृषिकोशात पाहावे. वाचायला पैसा लागत नाही. पण हे भांडार आपोआप भरत नाही, बरं का. जुने प्रबंध एकेक पान करून संगणकावर चढवावे लागतात, विषय नीट नोंदावा लागतो. हे कष्टाचे काम ग्रंथालयाचे, आणि त्याचा सत्कार कोणी करीत नाही.

दुसरे काम लेखांचे. आपला लेख दुसरीकडे छापला म्हणजे तो आपण कोणाला दाखवूच शकत नाही, अशी पुष्कळ प्राध्यापकांची समजूत असते. बरेच प्रकाशक लेखकाला स्वीकृत हस्तलिखिताची प्रत, कधी लगेच तर कधी काही महिन्यांनी, विद्यापीठाच्या भांडारात ठेवू देतात. करारात ते लिहिलेले असते, पण बारीक अक्षरांतला करार वाचतो कोण? इथे ग्रंथपालाने वकील व्हावे. सही करण्याआधी करार वाचून दाखवावा, कोणता हक्क राखता येतो ते सांगावे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ साली आणि केंद्राच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ साली मुक्त प्रवेशाचे धोरण जाहीर केले आहे. धोरण कागदावर राहू नये यासाठी प्राध्यापकाच्या दाराशी जाऊन लेख मागून आणणारा माणूस लागतो.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मुक्त प्रवेशाचे नाव घेऊन पैसे उकळणारी नियतकालिकेही निघाली आहेत. पैसे भरा, आठ दिवसांत लेख छापतो, तपासणीची भानगड नाही, असा त्यांचा धंदा. नव्या प्राध्यापकाला बढतीची घाई असते आणि तो फसतो. खरे-खोटे ओळखायला शिकवणे हेही ग्रंथालयाचेच काम.

आता कोणी विचारील, सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' अशी योजना काढली ना? काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आणि तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना २०२५ पासून खुली झाली. चांगलेच झाले. पण ही वर्गणी आहे, निस्तार नव्हे. शाळेतला मास्तर, गावातला शेतकरी, प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका, यांना त्या दारातून आत जाता येत नाही. त्यांच्यासाठी मुक्त भांडारच हवे.

आणि खरे सांगायचे तर नुसते दार उघडूनही भागत नाही. आत इंग्रजी आहे. माझ्या मते प्रत्येक प्रबंधाला सोप्या मराठीत एक पानाचा सारांश जोडणे सक्तीचे करावे, आणि ज्या गावात काम झाले त्या गावच्या ग्रामपंचायतीला आणि वाचनालयाला तो कागद पोचता करावा. खर्च किती? एका पाकिटाचा. झाडीबोलीत कोणी लिहून दिला तर त्याहून उत्तम. विद्या विद्यापीठातूनच गावाकडे येते असेही काही नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातून निवडून काढलेला एचएमटी धान किती दूरवर पोचला, ते धानवाल्यांना ठाऊकच आहे.

सगळेच उघडे करावे असेही नाही. प्रश्नांना उत्तर देणाऱ्या बाईचे नाव, कोणाचा आजार, वैदूने विश्वासाने दाखवलेली जंगलातली वनस्पती नेमकी कुठे आहे ते ठिकाण, हे झाकून ठेवले पाहिजे. ही चाळणी लावूनच ग्रंथालयाने प्रबंध खुला करावा.

आता ज्यांच्या घरी मोबाइल आहे त्यांनी शोधगंगा किंवा कृषिकोश उघडून पाहावे. नुसते भंडारा असे मराठीत लिहून थांबू नका, इंग्रजी अक्षरांतही लिहा. कित्येक मराठी प्रबंधांची नोंद इंग्रजीत केलेली आहे, आणि काहींची पाने जुन्या संगणकी अक्षरवळणात टाइप केलेली किंवा नुसती छायाचित्रे असल्यामुळे आतला मजकूर शोधात सापडत नाही. म्हणून तालुक्याचे नाव, पिकाचे नाव, किडीचे नाव असे निरनिराळे शब्द घालून पाहावे. काहीच हाती लागले नाही तर विषय आणि साधारण वर्ष लिहून विद्यापीठाच्या ग्रंथपालांना साधे पत्र टाकावे, आणि प्रबंध कपाटात असूनही भांडारात नसेल तर तो चढवावा, अशी विनंती त्याच पत्रात करावी.