जुने संकेतस्थळ आणि त्याचा वेग

एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ मंद चालू लागले म्हणजे तिच्या कार्यकारिणीत एक ठराव हटकून पुढे येतो. ‘हे सारे जुने झाले आहे, नव्याने लिहून घ्यावे.’ या ठरावाला अनुमोदनही ताबडतोब मिळते, कारण ‘नवे’ या शब्दाची मोहिनीच तशी आहे. आम्ही या ठरावाच्या विरुद्ध बोलणार आहोत. आमचे म्हणणे एवढेच की, मंदपणाचे कारण वय हे क्वचितच असते. बहुधा ते एकच काम पुनःपुन्हा करण्यात असते. ती पुनरावृत्ती थांबविली की जुनाच कार्यक्रम चांगला धावू लागतो. साक्षीदार म्हणून आम्ही आपणां सर्वांच्या परिचयाचा मराठी विकिपीडिया उभा करतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्या कार्यक्रमावर चालतो त्याचे नाव मीडियाविकी, आणि हा कार्यक्रम पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. ही भाषा रासमुस लेर्डोर्फ या गृहस्थांनी १९९५ साली लोकांपुढे ठेवली, तीही मुळात स्वतःचे घरगुती पान सांभाळण्यासाठी केलेल्या साधनांतून. शाळा, वाचनालये, पतपेढ्या यांची जी जुनी संकेतस्थळे आपण पाहतो, त्यांतील पुष्कळशी याच भाषेतली आहेत. म्हणून विकिपीडियाचे उदाहरण मोठ्या घरचे असले तरी परके नव्हे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विकिपीडियाचा कार्यक्रम कधीच नव्याने लिहिला गेला नाही, असे नाही. २००१ साली तो पर्ल भाषेतल्या एका कार्यक्रमावर सुरू झाला. २००२ च्या जानेवारीत तो पीएचपीत आला आणि त्याच वर्षी जुलैत पुन्हा नव्याने लिहिलेला कार्यक्रम बसविण्यात आला. पण तेव्हा तो लहान मूल होता. त्यानंतर त्यात असंख्य सुधारणा झाल्या, तरी सारे मोडून पुन्हा पहिल्यापासून लिहिण्याचा प्रसंग आला नाही.

आता एक पान तयार कसे होते ते पाहू. खडवलीत बसलेला एखादा वाचक आपल्या भ्रमणध्वनीवर भातसा नदीची माहिती मागतो, असे समजा. ही मागणी दूरच्या यंत्रावर पोचते. पीएचपीची मूळ रीत अशी की, मागणी आली म्हणजे कार्यक्रमाची पोथी पहिल्या पानापासून वाचावयाची, तिचे यंत्राला उमजेल अशा सूचनांत रूपांतर करावयाचे, त्या सूचनांप्रमाणे माहितीच्या कोठारातून मजकूर आणावयाचा, त्याची मांडणी करून पान पाठवावयाचे, आणि मग सारे विसरून जावयाचे! दुसऱ्या क्षणी वासिंदच्या वाचकाने तेच पान मागितले तरी पुन्हा श्रीगणेशा. या विस्मरणात एक गुणही आहे. एका मागणीत झालेली गफलत दुसरीला बाधत नाही. पण त्याची किंमत वेळात मोजावी लागते.

पहिला उपाय याच ठिकाणी सापडतो. पोथी बदललेली नसताना तिचे रूपांतर दर वेळी कशाला? एकदा केलेले रूपांतर यंत्राच्या स्मृतीत राखून ठेवले की झाले. हे काम करणारी ऑपकॅश नावाची सोय २०१३ सालच्या पीएचपी ५.५ पासून भाषेबरोबरच मिळते. कार्यक्रमाची एक ओळही बदलावी लागत नाही. इतके असूनही ती सुरू आहे की नाही हे पाहण्याची तसदी अनेक ठिकाणी कोणी घेत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

दुसरा उपाय आपल्या घराघरांत भिंतीला टांगलेला आहे. तो म्हणजे पंचांग. प्रत्येक घरातील माणसाने रोज सकाळी उठून तिथी-नक्षत्राचे गणित मांडावे, अशी आपली रीत नाही. गणित एकदा होते, ते छापले जाते, आणि सारे गाव त्यावर चालते. विकिपीडियाही तेच करतो. तयार झालेले पान मुख्य कार्यक्रमाच्या पुढे बसविलेल्या राखणदार यंत्रांत ठेवले जाते. पूर्वी हे काम स्क्विड आणि नंतर व्हार्निश नावाच्या कार्यक्रमांनी केले. केवळ वाचावयास आलेल्याला पान तेथूनच मिळते. पीएचपीला त्याचा पत्ताही लागत नाही. पण गेल्या सालचे पंचांग यंदा चालत नाही! कोणी लेखात दुरुस्ती केली की जुने पान तत्काळ बाद करावे लागते, आणि या उपायातली खरी अवघड गोष्ट हीच. पान राखणे सोपे. केव्हा फेकावे हे ठरविणे कठीण.

हे राखणदार वाचकाच्या जवळ असले तर आणखी लाभ होतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेतील व्हर्जिनिया हे सरळ अंतरच सुमारे तेरा हजार किलोमीटर. तेव्हा जाण्यायेण्याला किमान ०.१३ सेकंद हवाच, आणि पान येण्यापूर्वी दोन्ही यंत्रांची ओळख पटविण्यातच दोन-तीन फेऱ्या होतात. २०१८ साली विकिमीडियाने आशियातील वाचकांसाठी सिंगापूरला राखणदार यंत्रे बसविली. मुंबई-सिंगापूर अंतर चार हजार किलोमीटरांच्या आत असल्यामुळे तीच फेरी हिशेबाने ०.०४ सेकंदात व्हावी. कार्यक्रम तोच, फक्त दुकान गावाजवळ आले.

मग राहिले काय? राहिले लेखक. जो नुसता वाचतो त्याला तयार पान चालते. जो स्वतःच्या नावाने प्रवेश करून लिहितो, दुरुस्त करतो, त्याच्यासाठी पान नव्याने घडवावे लागते. म्हणजे जो फुकट राबतो तोच सर्वांत जास्त तिष्ठतो. २०१४ पूर्वी दुरुस्ती जतन करण्यास सरासरीने सुमारे सहा सेकंद लागत. सहा सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण मराठीत लिहिणारे हात मुळातच थोडे. शुद्धलेखनाच्या वीस चुका सुधारण्यास बसलेल्या माणसाला प्रत्येक चुकीगणिक थांबवून ठेवले, तर पाचव्या चुकीला तो उठून जातो, आणि उरलेल्या पंधरा चुका तशाच राहतात.

यावर उपाय निघाला तो कार्यक्रम बदलून नव्हे, तर कार्यक्रम चालविणारे यंत्र बदलून. फेसबुक हेही मूळचे पीएचपीतले. तेथील मंडळींपुढे हाच प्रश्न आल्यावर त्यांनी एचएचव्हीएम नावाचे नवे चालकयंत्र रचले. कार्यक्रमाचा जो भाग वारंवार चालतो त्याचे ते चालता चालताच थेट यंत्रभाषेत रूपांतर करते. २०१४ च्या अखेरीस विकिपीडियाने ते स्वीकारले. काम कित्येक महिन्यांचे होते, फुकटात पदरी पडले असे नव्हे. पण जतनाचा काळ सुमारे सहावरून तीन सेकंदांवर आला आणि यंत्रांवरील भार सुमारे ५० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत उतरला. त्या वर्षी विकिमीडियाच्या सर्व प्रकल्पांत मिळून दहा कोटींहून अधिक दुरुस्त्या झाल्या होत्या. प्रत्येकी तीन सेकंद धरले तर वर्षाकाठी साडेनऊ वर्षांचे तिष्ठणे वाचले.

आपल्या कल्याण-कसारा मार्गाचे असेच झाले. वाफेची इंजिने गेली, विजेची आली. पुढे विजेचाही प्रकार बदलला, १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाऐवजी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. पण खडवलीचे स्थानक टिटवाळा आणि वासिंद यांच्यामध्ये होते तेथेच आहे.

गंमत अशी की, या स्पर्धेने मूळ पीएचपीलाही जाग आली. २०१५ च्या डिसेंबरात आलेली सातवी आवृत्ती पाचवीहून सुमारे दुप्पट वेगाची निघाली. (सहावी कोठे गेली, असे विचाराल, ती कधी बाहेर पडलीच नाही.) पुढे एचएचव्हीएमने पीएचपीची साथ सोडली, तेव्हा विकिपीडिया २०१९ साली मूळ पीएचपीकडे परतला. दोन वेळा इंजिन बदलले, डबे तेच.

लहान संस्थांच्या संकेतस्थळांत मात्र दोष बहुधा पीएचपीत नसून माहितीच्या कोठारात असतो. ग्रंथालयात पुस्तके केवळ दाखल झाल्याच्या क्रमाने नोंदली आणि लेखकवार सूची केलीच नाही, तर एका लेखकाची पुस्तके शोधण्यासाठी सारी नोंदवही चाळावी लागेल. कोठारातही सूची नसली की असेच होते. पाचशे नोंदी असताना कळत नाही, पन्नास हजार झाल्या की पान अडते. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे पन्नास पुस्तकांसाठी शिपायाला पन्नास वेळा कपाटाकडे धाडणे. यादी एकदाच द्यावी, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. पण कोणते पान, कोणत्या मागणीपाशी, किती वेळ थांबते हे प्रथम मोजल्यावाचून यांतले काहीच दिसत नाही. मंद मागण्यांची नोंद ठेवण्याची सोय मायएसक्यूएलसारख्या कोठारांत असते. ती आठवडाभर चालू ठेवावी आणि मगच सभा बोलवावी.

नव्याने लिहिण्याचा मोह काय करतो, याचे उदाहरण नेटस्केपचे. १९९८ साली तिने आपला न्याहाळक पहिल्यापासून लिहावयास घेतला. पुढची मोठी आवृत्ती निघाली २००० च्या नोव्हेंबरात. दरम्यान बाजार दुसऱ्याच्या हाती गेला. जुन्या कार्यक्रमातली जी ओळ विचित्र दिसते, ती कोणे एके काळी एखाद्या ग्राहकाची अडचण निवारण्यासाठी घातलेली असते. नवा लेखक ती गाळतो आणि अडचण परत येते. लिहावयाचेच असेल तर दुखऱ्या भागापुरते लिहावे. विकिपीडियातील साचे फार किचकट आणि मंद झाले, तेव्हा २०१३ साली तेवढ्यासाठी लुआ ही लहानशी भाषा आणली गेली. बाकी घर तसेच राहिले.

एक धोका मात्र मराठी संस्थांना विशेष आहे. पीएचपीची सातवी आवृत्ती घेताना कोठाराशी बोलण्याची जुनी पद्धत बदलावी लागते, कारण त्या जुन्या आज्ञा सातव्या आवृत्तीत काढून टाकल्या आहेत. अनेक जुन्या कोठारांत देवनागरी मजकूर पाश्चात्त्य लिपीच्या खात्यात ठेवलेला असतो. जुन्या मार्गाने तो जसाच्या तसा परत येई. नवा मार्ग त्याचे रूपांतर करू पाहतो आणि वीस वर्षांचा मजकूर निरर्थक अक्षरांच्या रांगेत उभा राहतो. तशाच स्थितीत कोणी त्यावर नव्याने लिहून जतन केले तर मूळही नाहीसे होण्याचा धोका असतो. म्हणून आधी संपूर्ण प्रत काढावी, ती निराळ्या यंत्रावर उघडावी, आणि ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ एवढे शब्द तेथे नीट उमटतात की नाही ते पाहावे. उमटले, तर मग चालत्या संकेतस्थळाला हात घालावा.